भिंत, पायरी आणि चिखल : इंग्लंडच्या जुन्या निवासी शाळांचे खेळ कुठून आले

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा इंग्लंडच्या जुन्या निवासी शाळांत भिंतीला घासत खेळायचे, चपट्या चेंडूने खेळायचे असे जे अजब खेळ चालतात, ते खरोखर जुने आहेत की आपण वेगळे दिसावं म्हणून श्रीमंतांनी जपलेले? रग्बी गावच्या शाळेत एका मुलाने चेंडू उचलून पळ काढला आणि त्यातून रग्बीचा खेळ जन्मला, हे खरं का? आणि या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध पोचतो का?

मी मूळचा सांगलीचा. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन इकडे आलो आणि गेली २२ वर्षं इंग्लंडमधल्या निवासी शाळांत क्रिकेट आणि फाइव्ज शिकवतो आहे. फाइव्ज म्हणजे हातमोजे घालून, तळहाताने चेंडू भिंतीवर मारायचा खेळ. त्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे हे उत्तर त्याच्यापाशी जरा जास्त रेंगाळेल.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं की मुळं जुनी आहेत, लेखी नियम मात्र बहुतेक एकोणिसाव्या शतकातले आहेत. ईटनचा माजी हेडमास्तर विल्यम हॉरमन याने १५१९ मध्ये लॅटिन शिकवण्यासाठी जे पुस्तक छापलं, त्यात भाषांतरासाठी एक वाक्य आहे : आपण वाऱ्याने भरलेल्या चेंडूने खेळू. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी मुलं चेंडू खेळत होतीच. पण कोणत्या शाळेत तो खेळ कसा झाला, हे ठरवलं तिथल्या जागेने. आपल्याकडे वाड्याच्या चौकात क्रिकेट खेळलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. तुळशीवृंदावनाला लागला तर दोन धावा, जोशीकाकूंच्या खिडकीत गेला तर आऊट, विहिरीत गेला तर आऊट आणि चेंडूही भरून द्यायचा. हे नियम कोणी मंडळ नेमून केलेले नसतात. वाडा जसा असतो तसे ते होतात. इंग्लंडच्या या शाळांत तेच घडलं. फरक एवढाच की त्यांचे वाडे पाडले गेले नाहीत.

फाइव्जचंच बघा. ईटनची शाळा सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये स्थापली. तिच्या दगडी चॅपलच्या उत्तर अंगाला दाराकडे चढणारा जिना आहे, आणि भिंतीला आधार देणारे दगडी टेकू ठरावीक अंतरावर पुढे आलेले आहेत. दोन टेकूंच्या मधली जागा म्हणजे आयती तीन भिंतींची खोली, मागची बाजू उघडी. हजेरीच्या वेळी मुलांना तिथे ताटकळावं लागे. ताटकळलेली मुलं जे करतात ते त्यांनी केलं, चेंडू भिंतीवर मारायला सुरुवात केली. समोरच्या भिंतीवर साधारण साडेचार फुटांवर दगडाची पट्टी बाहेर आलेली होती. चेंडू तिच्या वर लागला तर चालू, खाली लागला तर बाद. फरशीत एक पायरी होती, त्यामुळे पुढचा भाग थोडा उंच आणि मागचा सखल झाला. आणि डाव्या हाताला जिन्याच्या कठड्याचं टोक खेळाच्या जागेत घुसलेलं होतं. त्याला लागलेला चेंडू कुठे उडेल, सांगता येत नाही.

१८४० मध्ये हेडमास्तर एडवर्ड हॉट्री यांच्या काळात ईटनमध्ये फाइव्जसाठी पहिली मुद्दाम बांधलेली कोर्टं उभी राहिली. आता जागा मोकळी होती, हव्या तशा सरळ भिंती बांधता आल्या असत्या. तरी त्यांनी पट्टी ठेवली, पायरी ठेवली, आणि जिना नसताना जिन्याचा कठडाही ठेवला. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कोर्टात उभा राहून त्या खांबावरून बराच वेळ हात फिरवत होतो. जगात जिथे जिथे ईटन फाइव्जचं कोर्ट आहे, तिथे डाव्या भिंतीतून तो खांब बाहेर आलेला दिसतो. त्याच्या आणि पायरीच्या मधल्या कोपऱ्याला खेळाडू ‘डेड मॅन्स होल’ म्हणतात. तिथे चेंडू पडला की तो परतवणं जवळजवळ अशक्य. या खेळाचे नियम छापून आले १८७७ मध्ये, म्हणजे कोर्टं बांधल्यावर ३७ वर्षांनी.

खेळ दोघांविरुद्ध दोघांचा. सर्व्हिस करणाऱ्याने चेंडू समोरच्याला खेळता येईल असा उंच उडवून द्यायचा असतो. तो पसंत नसेल तर समोरच्याने नुसता सोडून द्यायचा, काही कारण द्यावं लागत नाही. पुन्हा दुसरा मिळतो. चेंडू पट्टीखाली लागला का, दोन टप्पे पडले का, हे ज्याने मारला त्यानेच सांगायचं. साध्या सामन्याला पंच नसतो. बारा गुणांचा एक डाव, पाचांतले तीन जिंकायचे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कोणी न विचारता ‘माझा खाली लागला’ असं म्हणायला शिकवणं हे माझ्या कामातलं सगळ्यांत अवघड आणि मला सगळ्यांत प्रिय काम आहे. काहींना एका सत्रात जमतं, काहींना तीन वर्षं लागतात.

फाइव्जचे आणखी प्रकार आहेत. रग्बी फाइव्जचं कोर्ट चारही बाजूंनी बंद आणि सपाट, त्यात एकेरीही खेळतात. विंचेस्टर फाइव्जमध्ये डाव्या भिंतीला जरासा बाक असतो. तेवढ्याने खेळ किती बदलतो हे खेळल्याशिवाय कळत नाही.

भिंतीला घासत खेळायचा म्हणून तुम्ही जो खेळ विचारलात तो ईटनचा वॉल गेम. १७१७ मध्ये बांधलेली विटांची लांब, किंचित वळलेली भिंत, आणि तिच्या कडेला साधारण ११० मीटर लांब, ५ मीटर रुंद जमिनीची पट्टी. एवढंच मैदान. खेळाची पहिली लेखी नोंद १७६६ ची. दोन्ही बाजूंना दहा-दहा जण, आणि बराचसा वेळ त्यांचा एक घट्ट गठ्ठा भिंतीला चिकटून इंचाइंचाने सरकत असतो. चेंडू बहुधा कोणाच्या तरी पायाखाली दडलेला. टोकाच्या हद्दीला ‘कॅल्क्स’ म्हणतात. तिथे चेंडू पायाने भिंतीवर उचलून धरला आणि हात लावला की ‘शाय’ मिळतो, त्याचा एक गुण. शाय मिळाल्यावर गोलवर चेंडू फेकता येतो. एका टोकाचा गोल म्हणजे बागेचं दार आणि दुसऱ्या टोकाचा म्हणजे झाड. दोन्ही बाजूंचे गोल वेगवेगळे का, याचं उत्तर पुन्हा तेच. तिथे दार होतं, इथे झाड होतं.

दर वर्षी नोव्हेंबरअखेर सेंट अँड्र्यूजच्या दिवशी मोठा सामना होतो. एका बाजूला शिष्यवृत्तीवर असलेली ७० मुलं, त्यांना ‘कॉलेजर्स’ म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या हजाराहून जास्त मुलांतून निवडलेला संघ. त्या सामन्यात शेवटचा गोल झाला १९०९ मध्ये. शंभर वर्षांत गोल नाही, म्हणून लोक या खेळाची थट्टा करतात. मला ती पटत नाही. मी हा सामना तीनदा कडेला उभं राहून पाहिला आहे. त्या गठ्ठ्यातला मुलगा गुडघा जमिनीला टेकू न देता, कोणाला ठोसा न मारता, अर्धा तास वजन तोलून धरतो. आपल्याकडे मातीत डाव धरून बसलेला पैलवान ज्या संयमाने श्वास सांभाळतो, तसा तो सांभाळावा लागतो. ७० मुलांतून निवडलेला संघ हजारांतून निवडलेल्या संघाला रोखून धरतो, कारण कॉलेजर्स या भिंतीशी जास्त खेळलेले असतात.

आता फुटबॉलकडे या, म्हणजे जागेचं म्हणणं आणखी स्पष्ट होईल. चार्टरहाऊस ही शाळा १८७२ पर्यंत लंडनच्या मध्यात होती आणि तिथली मुलं जुन्या मठाच्या अरुंद, फरसबंद ओवरीत खेळत. वेस्टमिन्स्टरची मुलंही ओवऱ्यांत खेळत. दगडावर कोणाला पाडलं तर डोकं फुटणार. म्हणून तिथे चेंडू पायाजवळ ठेवून वळवत नेण्याचं कौशल्य वाढलं. हॅरोची शाळा टेकडीवर आणि मैदानं खाली चिकणमातीत. हिवाळ्यात तिथे घोट्याएवढा चिखल. तिथला चेंडू आजही गोल नसून जाड उशीसारखा, दोन्ही बाजूंनी चपटा असतो, आणि भिजला की दगडासारखा जड होतो. विंचेस्टरमध्ये लांबट, अरुंद मैदान आणि दोन्ही बाजूंनी चेंडू अडवायची सोय. पूर्वी ही सोय म्हणजे लहान मुलांची रांग असे. कडाक्याच्या थंडीत त्यांनी नुसतं उभं राहायचं आणि बाहेर येणारा चेंडू आत ढकलायचा. पुढे त्यांच्या जागी कापडाचे पडदे आले, मग जाळी आली, पण मैदानाला तिथे अजून ‘कॅनव्हास’च म्हणतात. जाळीच्या आत एका यार्डावर जाड दोर ताणलेला असतो आणि त्या बोळात घुसून चेंडू काढणं ही त्या खेळातली कला. आणि रग्बीच्या शाळेसमोर विस्तीर्ण, मऊ हिरवळ. तिथे पळता येतं, पाडता येतं, पडताही येतं. धावणं आणि पाडणं ज्या खेळाचा जीव आहे तो फुटबॉल हिरवळीच्या शाळेत वाढला, यात मला काही गूढ वाटत नाही.

लहान मुलांच्या रांगेचा उल्लेख केला, त्यावर जरा थांबतो. या सगळ्या इतिहासात मास्तर कुठे होते, असं तुम्हाला वाटलं असेल. ते नव्हतेच. १५८१ मध्ये लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा हेडमास्तर रिचर्ड मलकास्टर याने लिहून ठेवलं होतं की चेंडूचा खेळ शरीराला चांगला आहे, फक्त त्यावर देखरेख करणारा एक शिक्षक हवा. त्याचं पुढची अडीचशे वर्षं कोणी ऐकलं नाही. वर्गाबाहेर मुलांचं राज्य होतं. मोठ्या मुलांनी लहानांना राबवून घ्यायचं, त्याला ‘फॅगिंग’ म्हणत, आणि खेळ हा त्याचाच भाग होता. श्रूझबरीचे हेडमास्तर सॅम्युअल बटलर यांना तर फुटबॉल सभ्य घरच्या मुलांना न शोभणारा वाटे. त्यांनी बंदी घातली तरी मुलं ऐकेनात. तिथल्याच मुलांनी शिकारीची नक्कल करत मैलोनमैल धावण्याचा खेळ काढला. काही मुलं ससे, बाकीची शिकारी कुत्री. १८३१ पासूनच्या त्याच्या नोंदी सापडतात, आणि आज क्रॉस-कंट्री म्हणून जी शर्यत जगभर धावली जाते तिच्या मुळाशी हा खेळ आहे. इंग्लंडमधल्या कितीतरी धावपटू मंडळांच्या नावात ‘हॅरियर्स’ शब्द असतो. हॅरियर म्हणजे सशाच्या शिकारीचा कुत्रा.

या मोकळिकीची दुसरी बाजूही आहे. १८२५ मध्ये ईटनमध्ये फ्रान्सिस ॲशली-कूपर नावाचा मुलगा दुसऱ्या मुलाशी ठरवून केलेल्या मारामारीनंतर मेला. दोन तास, साठ फेऱ्या, मध्ये मध्ये तोंडात ब्रँडी ओतलेली, आणि भोवती मुलांचा घोळका. थांबवणारा एकही मोठा माणूस तिथे नव्हता. जुन्या खेळांवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ही गोष्ट झाकून ठेवू नये असं मला वाटतं.

तुमचा दुसरा प्रश्न विल्यम वेब एलिसचा. रग्बी शाळेच्या भिंतीवर १९०० साली लावलेला शिलालेख आहे, त्यात म्हटलं आहे की १८२३ मध्ये या मुलाने त्या काळच्या नियमांची पर्वा न करता चेंडू हातात घेतला आणि धावला. विश्वचषकालाही त्याचंच नाव. पण ही कथा पहिल्यांदा लिहिली गेली १८७६ मध्ये, एलिस वारल्यानंतर चार वर्षांनी. लिहिणारा मॅथ्यू ब्लॉक्सॅम त्याच शाळेचा, पण १८२३ च्या आधीच शाळा सोडून गेलेला. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेने चौकशी केली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाही. त्या चौकशीत टॉमस ह्यूज यांनी दिलेली माहिती मला फार बोलकी वाटते. हे ह्यूज म्हणजे याच शाळेवर कादंबरी लिहून तिला घरोघर पोचवणारे लेखक. ते शाळेत आले १८३४ मध्ये, म्हणजे कथेतल्या प्रसंगानंतर अकरा वर्षांनी. त्यांनी लिहिलं की तेव्हा चेंडू घेऊन धावणं पूर्ण निषिद्ध नव्हतं, पण धावताना एखादा मुलगा मारला गेला असता तर मुलांच्या पंचायतीने मारणाऱ्याला निर्दोष सोडलं असतं. म्हणजे हा बदल एका दुपारी झाला नाही. पंधरा-वीस वर्षं पोरं थोडं थोडं रेटत गेली, आणि १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला धावणं मान्य झालं.

माझ्या मते खरी मोठी तारीख २८ ऑगस्ट १८४५ आहे. त्या दिवशी रग्बीच्या तीन विद्यार्थ्यांनी लिहिलेले ३७ नियम मुलांच्या सभेने मंजूर केले. कोणत्याही शाळेने फुटबॉलचे नियम लिहून छापण्याची ही पहिली वेळ, आणि ते काम मुलांचं होतं. ईटनने आपल्या फील्ड गेमचे, म्हणजे तिथल्या मैदानी फुटबॉलचे, नियम १८४७ मध्ये लिहिले. रग्बी शाळेच्या गावात विल्यम गिल्बर्ट आणि रिचर्ड लिंडन हे दोन चांभार चेंडू शिवत. आत डुकराचा मूत्राशय तोंडाने फुगवून भरत, त्यामुळे चेंडू जरा लांबट होई. रग्बीचा चेंडू अंड्यासारखा का, याचं मूळ इथे आहे. लिंडनची बायको हे मूत्राशय फुगवता फुगवता फुप्फुसाच्या आजाराने गेली असं सांगतात. पुढे १८६०च्या दशकात लिंडनने रबरी फुगा आणला. या खेळांच्या इतिहासात राजे आणि हेडमास्तर भरपूर भेटतात, त्या बाईला मात्र कुठे शिलालेख नाही.

लिहिण्याची गरज का पडली? कारण मुलं शाळेतून केंब्रिजला आणि ऑक्सफर्डला जाऊ लागली, रेल्वे आल्यावर एकमेकांच्या मैदानावर जाऊ लागली, आणि प्रत्येकाचा फुटबॉल निराळा. केंब्रिजमध्ये १८४८ मध्ये सर्वांनी मिळून नियम करायला बसावं लागलं, कारण रग्बीच्या मुलाने चेंडू हातात धरला की ईटनची मुलं ओरडा करत. १८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिथे शेवटचं भांडण झालं ते ‘हॅकिंग’वर, म्हणजे धावणाऱ्याच्या नडगीवर लाथ मारण्यावर. ते बंद होणार म्हणून ब्लॅकहीथचा क्लब बाहेर पडला. १८७१ मध्ये रग्बीवाल्यांनी आपली वेगळी संघटना केली. अशा रीतीने ओवऱ्यांतला पायाचा खेळ एकीकडे गेला आणि हिरवळीवरचा हाताचा खेळ दुसरीकडे. १८८३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिकच्या गिरणी-कामगारांनी ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना हरवलं, आणि फुटबॉलवरची शाळांची पकड सुटली. भिंत, कॅनव्हास आणि चिखल यांना प्रवास करता आला नाही. ते खेळ घरीच राहिले. म्हणून ते आज आपल्याला अजब वाटतात.

मास्तर मैदानात उतरले ते १८५० नंतर. मार्लबरोच्या शाळेत १८५१ मध्ये मुलांनी बंड केलं, फटाके उडवले, मोडतोड केली. रिकाम्या वेळात मुलं आसपासच्या शेतांत भटकत, चोरून शिकार करत, गावकऱ्यांशी भांडत. १८५२ मध्ये जॉर्ज कॉटन हेडमास्तर म्हणून आले. ते पूर्वी रग्बी शाळेत हेडमास्तर टॉमस आर्नल्ड यांच्या हाताखाली शिक्षक होते. त्यांनी खेळाला आवडणारे तरुण शिक्षक आणले आणि १८५३ मध्ये पालकांना पत्रक पाठवलं की यापुढे मुलांनी दुपारी शाळेच्या मैदानावर खेळायचं. आर्नल्ड यांना स्वतःला खेळांची विशेष ओढ नव्हती, खेळांचे प्रणेते म्हणून त्यांचं नाव नंतरच्या लोकांनी चिकटवलं. ते श्रेय कॉटनसारख्यांचं. त्याच वर्षी हॅरोमध्येही मॉनिटरांनी चालवायचं क्रीडामंडळ निघालं. वीस-तीस वर्षांत खेळ सक्तीचे झाले, आणि त्यांच्याबद्दल मोठमोठं बोललं जाऊ लागलं. वॉटर्लूची लढाई ईटनच्या मैदानावर जिंकली, हे वाक्य त्या लढाईतला इंग्रज सेनापती वेलिंग्टन याच्या नावावर खपवलं जातं. तो वारल्यानंतर काही वर्षांनी ते पहिल्यांदा छापलेलं दिसतं, आणि तो ईटनमध्ये होता १७८०च्या दशकात, जेव्हा तिथे आजच्या अर्थाने संघटित खेळच नव्हते. पण अशा बोलण्यावर वाढलेल्या पिढ्या १९१४ मध्ये रांगेने युद्धावर गेल्या. एकट्या ईटनचे अकराशेहून अधिक माजी विद्यार्थी परतले नाहीत.

सक्तीबद्दल माझं मत कडू आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या शाळेत होतो तिथे दम्याचा त्रास असलेल्या एका मुलाला ‘कणखर व्हावा’ म्हणून जानेवारीच्या चिखलात पळवत. मी नवा होतो, परका होतो, गप्प बसलो. त्याची खंत अजून आहे. पुढे तो मुलगा फाइव्जच्या कोर्टावर आला. तिथे फार पळावं लागत नाही, डोकं चालवावं लागतं. सहा महिन्यांत तो मोठ्या मुलांना त्या खांबाच्या कोपऱ्यात अडकवू लागला. शाळेत चार प्रकारचे खेळ असावेत असं मी दर वर्षी बैठकीत भांडून सांगतो, ते त्याच्यामुळे.

आता आपल्याशी संबंध. कॉटन १८५८ मध्ये कलकत्त्याचे बिशप म्हणून हिंदुस्थानात आले. सिमल्याची बिशप कॉटन शाळा १८५९ ची, तिच्यापाठोपाठ १८६५ मध्ये बंगलोरची. मार्लबरोचं दुपारचं मैदान अशा रीतीने हिमालयात पोचलं. १८६६ मध्ये ते बंगालमध्ये कुश्तियाला नदीत पडून बुडाले. श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को यांनी १८९१ मध्ये फुटबॉल आणला, तेव्हा पंडितांची मुलं कातड्याच्या चेंडूला हात लावायला तयार नव्हती. त्यांना बळजबरीने मैदानात उतरवलं. चेंडू एकाच्या तोंडावर बसला, विटाळ झाला म्हणून तो रडू लागला, आणि बिस्कोंनी त्याला कालव्यावर तोंड धुवायला पाठवून खेळ पुढे चालू केला. बिस्कोंनी ही गोष्ट अभिमानाने सांगितली आहे. मला त्यातलं त्या मुलाचं रडू विसरता येत नाही, आणि त्याच शाळेतून पुढे पोहणारी, होड्या वल्हवणारी, आगीत धावून जाणारी मुलं निघाली हेही नाकारता येत नाही. कलकत्त्यात १८७३ मध्ये रग्बीचा क्लब निघाला, त्यात रग्बी शाळेचे माजी विद्यार्थी पुढे होते. सभासद गळाले तेव्हा क्लबाने बँकेतले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला. मुठी नागांच्या आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजपर्यंत याच कलकत्ता कपासाठी खेळतात.

मुंबईत लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ गव्हर्नर होते. ईटनचे विद्यार्थी, इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान. एस्प्लनेडच्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोमुळे घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत, म्हणून देशी क्रिकेटपटू कधीपासून अर्ज करत होते. हॅरिस यांनी पोलोवाल्यांना हलवलं नाही. केनेडी सी-फेसच्या बाजूला मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या त्या मात्र त्यांच्याच कारकिर्दीत. मरीन लाइन्सला समुद्राकडे तोंड करून एका ओळीत जे जिमखाने दिसतात, त्यांच्यामागे हा निर्णय आहे. खेळाला जागा मिळाली, पण ती धर्माधर्मांत वाटून मिळाली, आणि ती वाटणी मुंबईच्या क्रिकेटला पुढे अर्धं शतक पुरली. त्यांच्या नावाची शालेय हॅरिस शील्ड १८९६ पासून चालू आहे. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळींनी आझाद मैदानावर केलेली ६६४ धावांची भागीदारी याच स्पर्धेतली.

स्क्वॉशचीही मुळं इथलीच. रॅकेट्स हा खेळ लंडनच्या फ्लीट आणि किंग्ज बेंच या कर्जबुडव्यांच्या तुरुंगांत कैदी उंच भिंतींवर खेळत. तुरुंगातला खेळ हॅरोत गेला. कोर्ट एक आणि मुलं पुष्कळ. वाट पाहणारी मुलं बाहेरच्या आडव्यातिडव्या भिंतींवर मऊ, पचकणाऱ्या रबरी चेंडूने खेळू लागली. १८६०च्या दशकात त्यासाठी वेगळी कोर्टं बांधली गेली. पचकणारा म्हणून तो खेळ ‘स्क्वॉश’. तो छावण्यांतून आणि जिमखान्यांतून हिंदुस्थानात आला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला हरवून भारताच्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा महेश माणगावकर होता. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला स्क्वॉश पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळला जाणार आहे.

त्याच ऑलिम्पिकमध्ये लक्रॉस, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा खेळ, तोही आहे, आणि त्याची एक वाट मुलींच्या निवासी शाळेतून जाते. स्कॉटलंडमधल्या सेंट लेनर्ड्स शाळेच्या लुईझा लम्सडेन यांनी १८८४ मध्ये कॅनडात मूळ रहिवाशांचा संघ हा खेळ खेळताना पाहिला आणि तो शाळेत आणला. १८९० मध्ये तिथल्या मुलींनी खेळलेला सामना हा स्त्रियांचा पहिला नोंदलेला लक्रॉस सामना. मुलांच्या शाळांची हकिकत सांगताना ही शाळा सहसा गाळली जाते.

‘श्रीमंतांचे खेळ’ या तुमच्या शंकेत तथ्य आहे. या शाळांचं वार्षिक शुल्क बहुतेक इंग्रज कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि वॉल गेम खेळायचा तर ईटनमध्येच शिकावं लागतं. फाइव्जचं तसं नाही. १९२२ मध्ये हॉगन नावाच्या शिक्षकाने तो नायजेरियातल्या कात्सिनाला नेला, आणि उत्तर नायजेरियात तो शाळेबाहेर पसरला. लंडनमध्ये वेस्टवे या उड्डाणपुलाखाली सार्वजनिक क्रीडा केंद्र आहे, तिथे ईटन फाइव्जची चार कोर्टं आहेत. डोक्यावरून मोटारी जात असतात. तुमचा भाचा लंडनला येतोच आहे, तर त्याला तिथे घेऊन जा. पहिल्या दिवशी हात सुजेल, तेवढं घरी आधी सांगून ठेवा. आणि आत शिरल्यावर डाव्या भिंतीतला तो खांब त्याला दाखवा. विटा नवीन असतील, आकार चॅपलच्या जिन्याच्या कठड्याचाच आहे.